विसावा श्लोक आणि अबूकिरचा थांबा



सतरावा अध्याय चालू आहे. आहार झाला, यज्ञ झाला, कालपर्यंत तप झालं. आजपासून तीन दिवस दान. श्लोक विसावा. (हा आकडा मराठीत म्हटला की वाटेवरचा विसावाच आधी डोळ्यासमोर येतो. आज मला नेमकं अशाच एका विसाव्याबद्दल लिहायचंय, तेव्हा योगायोग गोड मानून घ्या.)

आधी अर्थ बघू. द्यायला हवं एवढ्याच भावनेनं, जो परतफेड करणार नाही त्याला, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला जे दिलं जातं ते सात्त्विक दान, असं भगवंत म्हणतात. देश, काळ आणि पात्र. श्लोक सोपा वाटतो. पण दोनदा वाचला की एक गोष्ट खटकते: किती द्यायचं हे यात कुठेच नाही. रक्कम नाही, वजन नाही, उत्पन्नाचे टक्के नाहीत. आपण देणगीची पावती हातात आली की आधी आकडा वाचतो, आणि इथे नेमका आकड्याचा रकानाच गायब आहे.

आता माउली काय म्हणतात? ज्ञानेश्वरीत या श्लोकावर बोलताना जागा म्हणून कुरुक्षेत्र आणि काशी ही नावं येतात. वेळ म्हणून सूर्यचंद्राच्या ग्रहणाचा पर्वकाळ येतो. पात्र म्हणून शुद्ध आचरणाचा, वेद जाणणारा ब्राह्मण येतो. तेराव्या शतकातलं वर्णन आहे, ते तसं आहे हे लपवायचं काही कारण नाही. पण माउलींनी जागा सांगताना एक दार उघडं ठेवलंय: कुरुक्षेत्र, काशी, किंवा त्यांच्या तोलाची दुसरी एखादी जागा. वेळेबाबतही तसंच, ग्रहण किंवा तितकाच निर्मळ दुसरा काळ. मी कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे 'किंवा' दिसला की माझं लक्ष तिथेच अडकतं. दुसरी शाखा कधी चालणार? काशीच्या तोलाची जागा ओळखायची कशी?

आणि त्याच ओघात एक शब्द येतो, 'उतारपेठ'. पात्राचं वर्णन करताना माउली तो वापरतात: वेद जिथे येऊन उतरतात असा माणूस. उतारपेठ म्हणजे व्यापाऱ्यांचे तांडे माल उतरवतात ती वाटेवरची पेठ. बैल सोडायचे, गोणी उतरवायच्या, रात्र काढायची, पुढे निघायचं. तिथलं कुणीच तिथलं नसतं. आजच्या भाषेत ज्याला आपण ट्रान्झिट म्हणतो, त्याच्या बरंच जवळचं.

हा शब्द मला या आठवड्यात सारखा आठवतोय, कारण पुढच्या महिन्यात आमची आई पहिल्यांदाच एकटी परदेशी निघाली आहे. चेंबूर ते शिकागो, मध्ये दोहा. ताईचं बाळंतपण आहे. बाबा गेल्यापासून आई पुण्यालाही एकटी गेलेली नाही, आणि आता थेट अर्धी पृथ्वी. वय 66, निवृत्त शिक्षिका. इंग्रजी वाचते छान, बोलताना मात्र आधी मनात वाक्य जुळवते, आणि तोवर समोरचा पुढच्या माणसाकडे वळलेला असतो. दोह्याला पाच तास थांबायचं आहे. मी तिला विमानतळाचा नकाशा छापून दिलाय. मधोमध जे प्रचंड पिवळं अस्वल बसलंय, त्याच्या फोटोभोवती लाल गोल केलाय. 'अस्वल दिसलं की समज मध्यावर आलीस.' बोर्डिंग पास, पासपोर्ट, ताईचा पत्ता, औषधांची चिठ्ठी असं सगळं एका पारदर्शक फोल्डरमध्ये. डिंकाचे लाडू कस्टम्सच्या फॉर्मवर कसे सांगायचे तेही लिहून दिलंय.

एवढं करून रात्री मला झोप नाही. चेंबूर ते विमानतळ काळजी नाही, मी सोडणार. शिकागोला काळजी नाही, जावई उभे असतील. मधले पाच तास तेवढे माझ्या हातात नाहीत. तिथे तिला काही लागलं तर ते कुणीतरी अनोळखी माणूसच देणार, आणि त्या माणसाला आम्ही कधीच काही देऊ शकणार नाही. नाव कळणार नाही, पुन्हा भेट होणार नाही. म्हणजे 'अनुपकारी', परतफेड न करणारा, हा जो शब्द मी आजवर दुसऱ्यांबद्दल वाचत आलो, तो या वेळी माझ्या आईला लागू होतोय. श्लोक पहिल्यांदाच घेणाऱ्याच्या बाजूनं वाचला.

आता ज्या थांब्यासाठी आज लिहायला बसलो, त्याकडे येतो.

1929 साली आगाखानांनी एक बक्षीस जाहीर केलं. भारत ते इंग्लंड किंवा इंग्लंड ते भारत हा प्रवास जो भारतीय एकट्यानं विमान चालवून महिन्याभरात पहिल्यांदा पुरा करेल त्याला 500 पौंड. तिघे उतरले. मनमोहन सिंग, अ‍ॅस्पी इंजिनिअर आणि जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजे आपले जेआरडी. जेआरडी तेव्हा 25 वर्षांचे. जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेले. 10 फेब्रुवारी 1929 ला त्यांना मिळालेला वैमानिक परवाना हा भारतात दिला गेलेला पहिला. अ‍ॅस्पी तर जेमतेम 17 वर्षांचा पोरगा. (आडनावच इंजिनिअर. आमच्यासारख्यांना ते पदवी काढून मिळवावं लागतं.)

एकट्यानं लांबचा प्रवास म्हणजे काय होता तेव्हा, ते जरा डोळ्यासमोर आणा. जिप्सी मॉथ नावाचं लाकूड आणि कापडाचं दोन पंखी विमान. चार सिलिंडरचं इंजिन, आजच्या एखाद्या साध्या मोटारीएवढ्या ताकदीचं. बसायची जागा उघडी, वारा थेट तोंडावर. रेडिओ नाही. नकाशा मांडीवर, खाली किनारा किंवा नदी दिसली की तीच वाट. एका दमात काही तास, मग उतरायचं, पेट्रोल भरायचं, इंजिन तपासायचं, झोपायचं, उठून पुन्हा. म्हणजे सगळा प्रवास थांब्यांचाच. आपण ज्याला कंटाळून 'लेओव्हर' म्हणतो, त्याच्यावाचून हा प्रवास शक्यच नव्हता.

जेआरडी मे 1930 मध्ये कराचीहून निघाले. अ‍ॅस्पी उलट्या बाजूनं, इंग्लंडहून. दोघं एकमेकांच्या दिशेनं येत होते, आणि गाठ पडली इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाजवळ अबूकिरला. जेआरडी उतरले तर अ‍ॅस्पी तिथे अडकून पडलेला. विमान ठीक, पोरगा ठीक, फक्त स्पार्क प्लग नाही.

ज्यांच्याकडे जुनी स्कूटर होती त्यांना हे सांगायला नको. बोटभर लांबीची वस्तू. सिलिंडरमध्ये ठिणगी पाडायची, एवढंच काम. पण ती पडली नाही तर पेट्रोलची टाकी भरलेली असो, मोसम चांगला असो, चालवणारा निष्णात असो, सगळं जागच्या जागी. प्लग काळा पडला की किक मारून मारून पाय दुखतो आणि शेवटी शेजारचा एखादा काका येऊन म्हणतो, 'पान्हा आण.' स्कूटर निदान ढकलत नेता येते. विमान ढकलत कराचीला नेता येत नाही.

जेआरडींकडे जादा प्लग होते. त्यांनी ते अ‍ॅस्पीला दिले.

अ‍ॅस्पी पूर्वेकडे उडाला, जेआरडी पश्चिमेकडे. अ‍ॅस्पी कराचीला पोचला आणि थोड्या फरकानं बक्षीस जिंकला. जेआरडी दुसरे.

गोष्ट एवढीच. शाळेत असताना मी ती 'खिलाडूवृत्ती' या धड्याखाली वाचली होती आणि विसरलोही होतो. या श्लोकाशेजारी ठेवून वाचली तेव्हा मात्र ती खिलाडूवृत्तीपेक्षा वेगळी दिसायला लागली. खिलाडूवृत्ती म्हणजे हरल्यावर हात मिळवणं. इथे हरण्याआधीच, स्वतःच्या हातानं, हरण्याची शक्यता वाढवली आहे.

आता देश-काळ-पात्र लावून बघू. देश: इजिप्तच्या किनाऱ्यावरचा एक हवाई तळ, जिथे दोघांचंही घर नाही. काळ: शर्यतीचा मधला टप्पा. तास मोजायचे दिवस. पात्र: प्रतिस्पर्धी. तिन्ही गोष्टी रूढ अर्थानं चुकीच्या. पंचांगात बघून कुणी हा मुहूर्त काढला नसता. आणि तरीही नीट पाहिलं तर तिन्ही इतक्या बरोबर आहेत की त्याच प्लगांचं दान त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या ठिकाणी, दुसऱ्या कुणाला केलं असतं तर त्याला काहीच अर्थ उरला नसता. मुंबईला परत येऊन दिले असते तर? बाजारात मिळणारी वस्तू. एक आठवड्यानं दिले असते तर? अ‍ॅस्पीच्या हातून शर्यत गेली असती. ज्याच्याकडे विमान नाही अशाला दिले असते तर? धातूचा तुकडा.

माउलींच्या त्या 'किंवा'चा मला लागलेला अर्थ असा. काशीच्या तोलाची जागा म्हणजे जिथे गरज आणि वस्तू समोरासमोर येतात ती. पात्र या शब्दाचा साधा अर्थ भांडं. माझ्याकडे जे आहे ते ज्या भांड्यात नेमकं मावतं, ते पात्र. त्या दिवशी अबूकिरला त्या आकाराचं रिकामं भांडं एकच होतं. कुणी म्हणेल की ही ओढाताण आहे, मूळ अर्थ तीर्थाचा आणि पर्वकाळाचाच आहे. असेल. परंपरेनं लावलेला अर्थ मी खोडत नाहीये. पण दार उघडं ठेवलेलं असेल तर त्यातून आत कोण येऊ शकतं हे बघायला काय हरकत?

एक आक्षेप मात्र खरंच विचार करण्यासारखा आहे. अनुपकारी म्हणजे जो परतफेड करू शकत नाही असा गरीब, असमर्थ माणूस. अ‍ॅस्पी कुठे असमर्थ होता? धडधाकट, चांगल्या घरातला, उद्या उपकार फेडू शकेल असा. मग हे दान या श्लोकात बसतं का? याचं उत्तर आद्य शंकराचार्यांच्या गीताभाष्यात आयतंच आहे. ते म्हणतात, परतफेड करायला असमर्थ असलेल्याला दिलेलं तर हे दान आहेच, पण समर्थ असलेल्यालाही अपेक्षा न ठेवता दिलं तर तेही हेच. म्हणजे अनुपकारीपण घेणाऱ्याच्या परिस्थितीत शोधायचं नाही, देणाऱ्याच्या मनात शोधायचं. मला हा दुसरा प्रकार जास्त अवघड वाटतो. भिकाऱ्याला दहा रुपये देताना परतफेडीचा विचार मनात येतच नाही, त्यात आपली काही कमाई नाही. सहकाऱ्याला मदत करताना मात्र मनाच्या वहीत तारखेसकट नोंद होते. आमच्या क्षेत्रात तर होतेच होते. कुणाचा अडलेला प्रोग्रॅम रात्री जागून चालू करून दिला, आणि पुढे बढती त्यालाच मिळाली, की ती वही आपोआप उघडते.

माउलींनी इथे दोन दृष्टान्त दिलेत, माझे फार आवडते. पाण्यावर चेंडू आपटला तर तो उसळी घेऊन हातात परत येत नाही. आणि देवाला सोडलेल्या वळूला चारा घातला तर तो दूधही देत नाही, नांगरालाही जुंपता येत नाही. दान असं द्यावं. मी लहानपणी गच्चीत भिंतीवर चेंडू मारत बसायचो, त्यामुळे हा दृष्टान्त मला अंगात कळतो. भिंतीवर मारलेला चेंडू परत येणार या हिशोबानंच हात आधीपासून वर गेलेला असतो. बहुतेक वेळा आपण भिंत बघूनच चेंडू टाकतो.

अबूकिरहून पुढे जेआरडींना भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात जायचं होतं. कॉकपिटमध्ये एकटे. ज्याच्याशी स्पर्धा त्याला आपणच मार्गाला लावून आलोय हे माहीत असताना ते तास कसे गेले असतील, हे ज्याचं त्याला ठाऊक. प्लग काढून देणं मिनिटाभराचं काम. खरं दान मला त्या पुढच्या तासांत दिसतं. हातानं दिलेलं मागता येत नाही, पण मनानं दहादा परत मागता येतं. जेआरडींनी पुढे या प्रसंगाचा उल्लेख केला तेव्हा अ‍ॅस्पी जिंकल्याचा आपल्याला आनंद आहे, त्यामुळे त्याला वायुसेनेत जायला मदत झाली, अशाच सुरात केला. तो पोरगा खरोखर वायुसेनेत गेला, आणि 1960 ते 1964 या काळात एअर मार्शल अ‍ॅस्पी इंजिनिअर भारताचे वायुसेनाप्रमुख होते.

पण मला आज अ‍ॅस्पीबद्दलही बोलायचंय, कारण त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. घेणं सोपं असतं असं आपण गृहीत धरतो. 17 वर्षांचा मुलगा, समोर टाटांच्या घरातला प्रतिस्पर्धी. 'नको, मी बघतो काहीतरी' म्हणण्याचा मोह त्या वयात किती असतो! त्यानं घेतलं. घेऊन तो जीव तोडून उडाला आणि जिंकला. उपकाराच्या ओझ्यानं जरा सावकाश गेला असता तर? आपल्याला वाटतं ते शोभून दिसलं असतं. मला तसं वाटत नाही. ते दान वाया घालवणं झालं असतं. ठिणगी पडायला दिलेली वस्तू ठिणगी पाडण्यासाठी वापरली, यापेक्षा मोठा मान देणाऱ्याला काय द्यायचा?

हे मी आईला सांगितलं, कारण तिचा स्वभाव नेमका उलटा. ती आयुष्यभर वर्गातल्या मुलांना डबे, वह्या, फिया देत आली, पण कुणी तिची पिशवी धरायला पुढे झालं की 'असू दे, जड नाही' म्हणते. व्हीलचेअरची सोय घे म्हटलं तर म्हणाली, 'पाय आहेत मला.' आमच्या बिल्डिंगमधल्या पहिल्या मजल्यावरच्या काकू चार वेळा अमेरिकेला जाऊन आल्यात. त्यांनी तिला त्यांची गोष्ट सांगितली. थांब्यावर त्यांचा फोन बंद पडला आणि गेट बदललेलं. तिथे झाडलोट करणाऱ्या एका मुलीनं, दोघींना एकमेकींची भाषा येत नसताना, त्यांचा बोर्डिंग पास वाचला, बादली भिंतीला लावली आणि गेटपर्यंत सोबत चालत आली. काकूंनी तिला पर्समधला लाडू दिला. तो तिनं घेतला का, हे मी मुद्दाम विचारलं. घेतला म्हणे, आणि तिथेच खाल्ला. मग हे दान परतफेड झालं की काय, यावर आई आणि काकूंचा अर्धा तास वाद झाला, तो मी ऐकत बसलो. आईचं म्हणणं, लाडू ही परतफेड नव्हे, ते दुसरं दान. मला पटलं. व्हीलचेअरचं अजून ठरत नाहीये, पण 'पाय आहेत मला' हे वाक्य दोन दिवसांत ऐकलेलं नाही.

वारीच्या वाटेवर राहणाऱ्यांना यातलं काहीच नवीन वाटणार नाही. सासवड, वाल्हे, लोणंद, फलटण, पालखी मुक्कामाला आली की घरं उघडी. पिठलं-भाकरी कुणी खाल्ली, पाय कुणाचे चेपले, याची यादी कुणी ठेवत नाही. सकाळी वारकरी पुढे, गाव मागे. फरक एवढाच की तिथे देणाऱ्याला माहीत असतं की आपण पुण्याच्या वाटेवर उभे आहोत. अबूकिरला तशी पाटी नव्हती. दोघंही पारशी, सद्विचार, सद्वचन आणि सत्कृत्य ही त्यांच्या घरची शिकवण. विसावा श्लोक त्यांनी वाचला होता की नाही यानं काही बिघडत नाही.

दोन वर्षांनी, 15 ऑक्टोबर 1932 ला, हेच जेआरडी टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, आणि 8 जून 1948 ला एअर इंडियाचं मुंबई ते लंडन हे पहिलं विमान निघालं. आमच्या गच्चीवरून कुर्ल्याकडे खाली येणारे दिवे दिसतात, त्याची सुरुवात तिथली. त्या 1948 च्या विमानाचे वाटेत दोन थांबे होते, जिनिव्हा आणि कैरो. पुन्हा इजिप्त. या वेळी प्रवाशांना.

उद्या एकविसावा श्लोक, राजस दान. परतफेडीच्या आशेनं दिलेलं, फळावर डोळा ठेवून दिलेलं, किंवा देताना जीव कासावीस झालेला. त्यातला तिसरा प्रकार आज रात्री जरा मनात घोळवून या. उदाहरणांसाठी इजिप्तपर्यंत जावं लागणार नाही.

राम कृष्ण हरी.